सज्जाखालचे टेकू

शनिवार, १९ जुलै
बाड हॉम्बुर्ग, जर्मनी

आधी सगळ्यांची खुशाली. पत्र असो की वही, ती घेतल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. शाळा सातवीत सुटली, पण पत्र कसं लिहायचं तेवढं गुरुजींनी पक्कं करून घेतलं होतं.

आमच्या हिचे, स्नेहलताचे गुडघे विमानात आखडले होते, आज कठड्याला धरून जिना उतरली. लेकाचं, देवदत्तचं पित्त आहे तसंच आहे. सकाळी उपाशीपोटी काळी कॉफी पितो आणि दुपारी छाती चोळत बसतो. सूनबाई स्वरालीची मान धरते; दिवसभर कॉम्प्युटरपुढे मान खाली, दुसरं काय होणार? उर्जाची एक दाढ हलतेय. "दुखतं का गं?" म्हटलं, तर "नाइन, आजोबा." म्हणजे नाही. नात नऊ वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण तोंडातून जर्मनच येतं.

कराडला माझ्या बहिणीला, सुधाला फोन लावला. तिची साखर आटोक्यात आहे. मेहुण्यांचा मोतीबिंदू निघाला. त्यांच्या धाकट्या सुनेला दिवस गेलेत. शेजारच्या दोन्ही घरांचीही विचारपूस झाली. एक नाव विचारायचं राहिलं. ते दर वेळी राहतं.

साइटवर चाळीस वर्षं हजेरीची वही लिहिली, ती सवय सुटत नाही म्हणून ही नवी वही. देवदत्तने इथे जुनं घर घेतलंय. त्याची दुरुस्ती करून राहायला जायचं. आमचा व्हिसा तीन महिन्यांचा, परतीचं विमान १४ ऑक्टोबरला. दसरा २ तारखेला आहे. दसऱ्याला मुलाच्या घरात पाऊल टाकायचं आणि मग सुखाने कराडला जायचं, एवढंच मनात धरून आलोय.

रविवार, २० जुलै

घर बघून आलो. एस-बानचं, म्हणजे इथल्या लोकलचं शेवटचं स्टेशन, तिथून चालत दहा मिनिटं. पन्नास वर्षांचं घर. भिंतींवर बोटाची पेरं वाजवून पाहिली, वीट चांगली आहे. न्हाणीघरात पेलाभर पाणी ओतलं. पाणी जाळीकडे जायचं सोडून दाराकडे निघालं. ज्याने ही फरशी बसवली त्याची त्या दिवसाची हजेरी मी लावली नसती.

"अण्णा, आल्या आल्या पाणी कसलं ओतताय?" स्वराली म्हणाली.

"सूनबाई, माणूस खोटं बोलेल, पाणी नाही बोलत."

खाली सगळी जमीन खणून नवी करायची आहे, गरम पाण्याच्या नळ्या त्यात घालून. न्हाणीघर नवं. आणि मागच्या दारावर सज्जा आहे, वरच्या खोलीचा. खाली खांब नाही, नुसता बाहेर काढलेला. खालच्या बाजूचा, पोटाचा गिलावा सुटलाय आणि आतली सळई तांबडी दिसते.

मी म्हटलं, "ठेकेदार कशाला शोधतोस? मी उभा राहतो की."

देवदत्त म्हणाला, "अण्णा, इथे कागद लागतो."

इथली पद्धत अशी की अख्खं घर एकाच्या अंगावर टाकायचं. गवंडी, नळवाला, वायरमन सगळे त्याच्या हाताखाली. आणि त्या माणसाकडे मायस्टरचा दाखला पाहिजे, म्हणजे रीतसर शिकून, परीक्षा देऊन झालेला उस्ताद. त्याचं नाव सरकारी वहीत असतं. मला चाळीस वर्षांत कुणी दाखला विचारला नाही. भिडेवर कामं मिळाली, तोंडी ठरली. बांधलेली घरं अजून उभी आहेत. बहुतेक सगळी.

एक गंमत पाहिली. बागेत जायला मागचं दार समोर असताना देवदत्त पुढून बाहेर पडतो आणि काटेरी झुडपांतून घराला वळसा घालून बागेत येतो. दोनदा तसाच आला. नव्या घराचं कौतुक, दुसरं काय. चारी बाजूंनी बघावंसं वाटत असेल.

गुरुवार, २४ जुलै

आज उल्हास आला होता. पुण्याचा पोरगा, येनाला शिकायला आला, शिक्षण अर्ध्यात सोडलं आणि आता लोकांची स्वयंपाकघरं, दारं, कपाटं बसवून देतो. एश्बॉर्नला देवदत्तच्या ऑफिसातल्या तिघांची घरं त्यानेच केली. हात बघितले त्याचे. काम करणाऱ्याचे हात आहेत.

"काका, कराड? माझं आजोळ मलकापूर!"

"मग तू आमच्यातलाच. बस. अगं, याला पोहे दे."

"काकू, दसऱ्याला नव्या घरात दूध उतू घालवायचं ना? तोवर घर तयार करून देतो. माझी चार माणसं आहेत, सकाळी सातला हजर."

"आणि सज्जा?" मी विचारलं.

"घासायचा, सिमेंट मारायचं, रंग. चार दिवस. आणि काका, साइटवर तुम्ही उभं राहायचं हं. मला असा मुकादम कुठे मिळणार?"

मी पोह्यांत लिंबू दोनदा पिळलं, असं स्नेहलता म्हणते.

स्वरालीने विचारलं, "उल्हास, तुझ्याकडे ते मायस्टरचं आहे का रे?"

"अगं, दारं-कपाटांची नोंद आहे की माझी. बांधकामाचं नाही. पण कोण येतंय बघायला?"

तो गेल्यावर देवदत्त बराच वेळ टेबल पुसत बसला. टेबल स्वच्छच होतं. मग म्हणाला, "अजून एक बाई आहेत, दाखलेवाल्या. त्या येऊन बघणार आहेत. त्यांचंही ऐकून घ्या. मग अण्णा, तुम्ही ठरवा. सही मी करीन, पण काम कुणाला द्यायचं ते तुम्ही सांगायचं."

मुलाने एवढा मान दिला. त्यात ठरवण्यासारखं काय आहे, ते मात्र कळलं नाही. मनात उल्हासला देऊन टाकलंच आहे.

शनिवार, २६ जुलै

स्नेहलताने बॅगेतून पितळेचं पातेलं काढलं. कराडहून कपड्यांत गुंडाळून आणलंय, आम्हाला विचारलंही नाही. चिंचेने घासून लख्ख केलं. आमच्या घरभरणीला दूध यातच उतू गेलं होतं. म्हणते, "अहो, लेकाच्या घरी हे मी माझ्या हाताने ठेवणार. त्यासाठी हे गुडघे इतक्या लांब आणलेत."

हलकंसं काम आहे, पण बाईने त्यावर जीव टांगलाय. दसरा चुकता कामा नये.

बुधवार, ३० जुलै

दाखलेवाल्या बाई येऊन गेल्या. आठची वेळ दिली होती, आठला दोन मिनिटं कमी असताना बेल वाजली. नाव फ्राउ वीगांट, म्हणजे वीगांट बाई. उंचीने सुधाएवढी, केस पिकलेले, बारीक कापलेले, विजारीच्या बाजूच्या खिशात घडीची लाकडी पट्टी. स्नेहलताने चहा पुढे केला तर म्हणाल्या, आधी घर, मग चहा. मला जरा लागलं ते.

दोन तास बघत होत्या. मी मागे मागे. न्हाणीघरात त्यांनी पेला मागितला, नळाखाली भरला आणि फरशीवर ओतला. पाणी दाराकडे गेलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांनीही मान हलवली. भाषेची गरज पडली नाही.

मग टेबलाशी बसलो. स्वराली दोन्हीकडचं सांगत होती. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही किती वर्षं बांधकाम केलंत?"

"चाळीस."

"शिकलात कुठे?"

"विटा वाहताना."

हसल्या. "मी पण. वडिलांच्या हाताखाली. परीक्षा नंतर." मग पट्टी उघड-मीट करत म्हणाल्या, "काही बिघडलं तर मालक कुणाच्या दारात यायचा?"

"माझ्याच," मी म्हटलं.

स्वरालीने ते सांगितलं. बाईंनी "गूट", म्हणजे छान, म्हणून मान डोलावली. त्यांना ते उत्तर पटलं. मला मात्र दिवसभर ते पटेना.

दसऱ्याचं विचारलं. स्वरालीने समजावून सांगितलं की आमच्यात मुहूर्त असतो, सासू-सासरे परत जाणार आहेत. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नोव्हेंबरच्या आत नाही. बहुतेक डिसेंबर. जमिनीवर सिमेंट ओतल्यावर तिला सुकायला तिचे दिवस लागतात. मी यंत्राने ओल मोजते, ती उतरली की वर लाकूड घालते. माझी सही असते त्यावर. जी तारीख पाळता येणार नाही ती मी लिहून देत नाही."

"थोडं अलीकडे?" मी बोटाने चिमूट करून दाखवली.

"नाइन."

स्नेहलता आत निघून गेली.

जाताना बाई सज्जाखाली उभ्या राहिल्या. टिकटिक करत हातोडीने पोट वाजवलं. मग गाडीकडे गेल्या आणि दोन लोखंडी टेकू, दोन फळ्या घेऊन आल्या. फळी, टेकू, आटे फिरवून घट्ट. वर तांबडी-पांढरी पट्टी बांधली. स्वराली म्हणाली, "अहो, पण आमचं अजून ठरलं नाही तुम्हाला काम द्यायचं."

बाई म्हणाल्या, "मी पाहिलंय ना आता. पाहून तसंच सोडून जाता येत नाही. काम नाही दिलंत तर टेकू न्यायला येईन. इंजिनियरने बघेपर्यंत खालून कुणी जायचं नाही."

आज जास्त लिहीत नाही.

शुक्रवार, १ ऑगस्ट

बाईंनी केलेलं एक घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, ते बघून आलो. मालकीण चांगली, आत घेतलं. चार वर्षं झाली काम होऊन. कोपरे बघितले, उंबरे बघितले. भेग नाही. पेलाभर पाणी मागितलं, त्यांना वाटलं प्यायला. ओतलं तर पाणी सरळ जाळीत गेलं. मालकीण हसत सुटल्या, पोतेरं आणून दिलं आणि मीच पुसून घेतलं.

काम उत्तम आहे यात वाद नाही. पण उल्हासचंही वाईट नसणार. आणि दसरा. आणि खरं लिहायचं तर, साइटवर पुन्हा एकदा उभं राहायला मिळणार. सत्तरी उलटलेल्या माणसाला कुणी 'उभे राहा' म्हणत नाही, 'बसा' म्हणतात. बाईंच्या साइटवर मला बसवतील.

मग हात उल्हासच्या नावाकडे का जात नाही? ते टेकू डोळ्यांपुढून हलत नाहीत.

मंगळवार, ५ ऑगस्ट

घरी येऊन लगेच वही काढली.

उल्हास मापं घ्यायला आला होता. मी, स्वराली, उर्जा आणि तो. मागच्या दाराशी आला, पट्टी पाहिली, हसला. "काय नाटक आहे हे! काका, हे काढून टाकू, दार पूर्ण उघडत नाहीये." पट्टीखालून आत शिरला आणि टेकूच्या आट्याला हात घातला.

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही. "हात लावू नकोस! बाहेर ये! आधी बाहेर ये तू!"

तो जागीच थिजला. मी त्याच्या दंडाला धरून ओढलं. माझ्या वयाचा माणूस, तो तिशीतला पोरगा, पण आला ओढत.

"काका, अहो, पन्नास वर्षं आहे तो सज्जा. माझ्या हाताने काय एकदम पडणार आहे?"

"नाही पडला तर नाही. पडला तर?"

का म्हणून, असं उर्जा जर्मनमध्ये विचारत होती, "वारुम? वारुम?" स्वराली तिला घेऊन आत गेली.

उल्हासने मला पायरीवर बसवलं, पाणी दिलं. चांगला पोरगा आहे. म्हणाला, "काका, तुम्ही एवढे घाबरट असाल असं वाटलं नव्हतं."

"मी घाबरट नव्हतो रे," मी म्हटलं. "तेच तर झालं."

बुधवार, ६ ऑगस्ट

आता लिहूनच टाकतो. वही माझी, वाचणारा मी.

चौतीस वर्षं झाली. कराडातच, एका व्यापाऱ्याच्या घराचं काम. पुढे मोठा सज्जा काढला होता. काँक्रीट भरून नऊ दिवस झाले होते. मालकाच्या मुलीचं लग्न त्याच अंगणात, मांडवाचे खांब रोवायचे, आणि सज्जाखाली टेकूंचं रान. मालक सकाळी येऊन म्हणाला, "यशवंतराव, एवढं आवरा. मुहूर्त काही थांबायचा नाही."

सेंटरिंगला भास्कर होता. माझ्या बरोबरीचा, सोबत विटा वाहिलेला. तो म्हणाला, "यशवंता, अजून पंधरा दिवस हलवू नको. सज्जा आहे, स्लॅब नाही." मी म्हटलं, "मला शिकवतोस? काढ." त्याने माझ्याकडे बघितलं आणि काढायला लागला. माझा शब्द होता म्हणून काढायला लागला.

शेवटचा टेकू निघाला आणि सज्जा खाली आला.

धूळ बसल्यावर पहिलं दिसलं ते काय, तर पायरीवर ठेवलेला माझा जेवणाचा डबा, पांढरा झालेला. माणसाचं मन कुठे जातं बघा. भास्करचा पाय मांडीपासून चेपला होता. जगला. पण परत कधी शिडी चढला नाही.

आणि पुढचं. लोक जमले, म्हणाले, भास्करने घाई केली. कुणी मला विचारलंच नाही. मी सांगितलंही नाही. तोही काही बोलला नाही. दवाखान्यात दोनदा गेलो, तिसऱ्यांदा जाववलं नाही. मला पुढे कामं मिळत राहिली. तो मुलीकडे, ओगलेवाडीला राहायला गेला, तिथे बसून पिशव्या शिवतो असं कानावर होतं.

त्या बाईंना मी सांगितलं, बिघडलं तर माझ्याच दारात.

गुरुवार, ७ ऑगस्ट

संध्याकाळी देवदत्तला म्हटलं, चल, घराकडे जाऊन येऊ. तो बागेत आला, वळसा घालूनच. आम्ही पट्टीच्या अलीकडे उभे राहिलो.

मी म्हटलं, "काम बाईंना दे."

"नक्की? दसरा जाईल, अण्णा. तुम्ही नसाल."

"जाऊ दे. नवरात्र दर वर्षी येतं."

"आई?"

"तिला मी सांगतो. आणि देवा, उल्हासला तोडू नकोस. दारं, कपाटं त्याला दे, बाईंना विचारून. त्यात त्याचा हात चांगला आहे."

देवदत्तला भास्करचं सांगावं असं मनात होतं. "मी एकदा एक सज्जा..." एवढंच तोंडातून निघालं.

देवदत्त सज्जाकडे बघत म्हणाला, "मेथीची भाजी होती त्या दिवशी डब्यात. आणि दोन भाकरी."

"कुठल्या दिवशी?"

"असंच आठवलं," म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला. असा हात त्याने कधी ठेवल्याचं आठवत नाही. परत येताना बरं वाटत होतं.

त्या साली तो चौथीत होता, शाळेतून येता येता तोच माझा डबा साइटवर आणून द्यायचा. त्यामुळे आठवत असेल. पण भाजीसुद्धा? पोराची स्मरणशक्ती दांडगी आहे.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

स्नेहलताला सांगितलं. ती कणीक मळत होती. मळणं थांबलं नाही.

"म्हणजे मी पातेलं परत न्यायचं."

"तसं नाही गं."

"अहो, बाईने दोन टेकू लावले आणि तुम्ही पाघळलात. तो उल्हास बिचारा सकाळी सातला येणार होता."

मग मी तिला भास्करचं सगळं सांगितलं. त्यानंतर चौतीस वर्षं एका छपराखाली काढली आणि हे एक सांगितलं नव्हतं. ती हात धुऊन समोर येऊन बसली. मग म्हणाली, "लिंबू घालून सरबत करते," आणि उठली. तिचा राग असा नसतो, म्हणजे हा राग नसावा.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा. सुधाने राखी पोस्टाने पाठवली होती, ती स्वरालीने बांधली. फोनवर सगळ्यांची विचारपूस झाली, आणि या वेळी ते नाव घेतलं.

"सुधा, भास्करचा पत्ता मिळेल का गं?"

तिने तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, "दादा, तू त्याचं नाव घेतलंस?"

"घेतलं."

"मिळवते. त्याची मुलगी निशिगंधा बाजारात भेटते मला. दर वेळी विचारते, यशवंतकाका कसे आहेत. मी तुला सांगत नव्हते."

"का?"

"तू विचारायचा नाहीस म्हणून."

सोमवार, ११ ऑगस्ट

फ्राउ वीगांटांच्या ऑफिसात सह्या झाल्या. भिंतीवर त्यांचा दाखला चौकटीत, शेजारी वडिलांचा. देवदत्तने सही केली, बाईंनी केली. बाईंनी मला एक कागद दाखवला, स्वरालीने वाचून सांगितला. पाच वर्षं, घरात त्यांच्या कामाचं काहीही बिघडलं तर त्या येऊन नीट करून देणार. खाली पुन्हा सही.

"पाच वर्षांनी?" मी विचारलं.

बाई म्हणाल्या, "कागदावर पाच. दारात आलात तर नंतरही उघडीन."

बाहेर येऊन देवदत्तने मला आइस्क्रीम घेऊन दिलं, लहान मुलाला द्यावं तसं. त्याच्या पित्ताचं विचारलं. म्हणाला, दोन दिवस बरं आहे.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. मोदक बाईंच्या माणसांना साइटवर नेऊन दिले. आमच्याकडे चहा दिला की गवंडी थांबतो, इथे तो ठरल्या वेळीच थांबतो; मोदक साडेनऊपर्यंत डब्यात थंड झाले. तरी एकही उरला नाही.

साइटवर मला बसवत नाहीत. बाईंनी डोक्यावर घालायला टोपी दिली आहे, पिवळी. सूचना द्यायच्या नाहीत, काही दिसलं तर त्यांना सांगायचं, अशी अट. परवा एक दिसलं. न्हाणीघराच्या कोपऱ्यात उतार बोटभर कमी होता. सांगितलं. त्यांनी पट्टी लावली, कपाळावर आठी घातली आणि तेवढा भाग उखडायला लावला. उर्जाला अभिमान वाटला. घरी येऊन आईला जर्मनमध्ये अर्धा तास सांगत होती, त्यात 'आजोबा' शब्द चारदा आला.

गुरुवार, १८ सप्टेंबर

इंजिनियरने बघून जुना सज्जा पाडायला सांगितला होता. आज नवा भरला. सकाळपासून उभा होतो. सळई वरच्या बाजूला आहे की नाही ते भरण्याआधी बाईंनी स्वतः चढून बघितलं. सज्जात सळई वरच लागते, हे मला भास्करने शिकवलं होतं.

भरून झाल्यावर बाईंनी खिशातून जाड पेन्सिल काढली आणि फळीवर दोन तारखा लिहिल्या. वर आजची. खाली १६ ऑक्टोबर, आणि त्याखाली आपलं नाव. त्या दिवशी त्या स्वतः येऊन टेकू काढणार. त्याआधी कुणी हात लावायचा नाही.

आमचं विमान १४ ला. टेकू निघताना मी इथे नसेन.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसरा. घरात जाता येत नाही, खालची जमीन ओली आहे. आम्ही सगळे बागेत उभे राहिलो. आपट्याची पानं कुठली मिळणार? उर्जा रस्त्यावरून लिंडन झाडाची पानं घेऊन आली, हृदयासारखी असतात. एकेकाला दिली. "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा," हे तिने मराठीत म्हटलं. सगळं, न चुकता. स्वराली रडली. फ्राउ वीगांटांनाही पान मिळालं. त्यांनी ते घडीच्या पट्टीत ठेवून पट्टी मिटली.

स्नेहलताने पिशवीतून पितळेचं पातेलं काढलं आणि स्वरालीच्या हातात दिलं. "डिसेंबरात तू ठेव. उतू जाऊ दे, पुसायची घाई करू नकोस. आणि तो फोन समोर धर, म्हणजे मला दिसेल."

"आई, तुम्ही पुढच्या उन्हाळ्यात या. तेव्हा पुन्हा ठेवू."

"घरभरणी काय दोनदा असते?" स्नेहलता म्हणाली. मग म्हणाली, "असली तर असू दे."

देवदत्त आज बागेत आला तो मागच्या दारातून. आतून फळ्यांवरून चालत, टेकूंच्या मधून, वाकून. वर एकदा बघितलं आणि बाहेर आला. बाईंनीच फळ्या टाकून तेवढी वाट करून दिली होती. मी म्हटलं, आज वळसा नाही का? तो हसला.

रविवार, १२ ऑक्टोबर

बॅगा भरून झाल्या. सुधाने पत्ता पाठवलाय. फोन नंबरही आहे, पण हे फोनवर बोलायचं नाही. बोललेलं मी पुन्हा नाकबूल करू शकतो, स्वतःशीसुद्धा. आज कागदावर लिहिलं, उद्या स्वराली पोस्टात टाकणार. आमच्याआधी पोहोचणार नाही, पण टाकायचं इथूनच. कराडला पोहोचलो की पुन्हा लिहायचं राहून जाईल, मी मला ओळखतो. नक्कल इथे उतरवून ठेवतो.

प्रिय भास्कर,

तुझी प्रकृती कशी आहे? पायाला थंडीत कळ येते का? शिवणाचं काम अजून करतोस का, नजर साथ देते का? निशिगंधा कशी आहे? तिची मुलं आता मोठी झाली असतील, त्यांची नावंही मला माहीत नाहीत, ती कळव. वहिनी गेल्याचं मला त्याच वर्षी कळलं होतं. मी आलो नाही.

कराडच्या त्या घराच्या सज्जाचे टेकू नवव्या दिवशी काढायला मी सांगितलं. तू नको म्हणाला होतास, अजून पंधरा दिवस म्हणाला होतास. घाई माझी होती. लोक तुझं नाव घेत होते तेव्हा मी गप्प बसलो. हे मी लिहून देतो आणि खाली सही करतो. हा कागद तू कुणालाही दाखव. निशिगंधाला तर दाखवच.

मुलाच्या घराला नवा सज्जा केलाय. सळई वरच्या बाजूला आहे, अठ्ठावीस दिवस टेकू ठेवलेत. तू असतास तर एवढंच विचारलं असतंस, म्हणून आधीच सांगतो.

आम्ही १५ तारखेला कराडला पोहोचतो. तू ये म्हणालास तर ओगलेवाडीला येईन. नको म्हणालास तरी दोन ओळी लिही, म्हणजे तुझं अक्षर दिसेल. उशीर लावू नकोस, आता आपल्या दोघांकडेही फार दिवस नाहीत. वाट बघतो.

यशवंत